ठेचा लावलेल्या उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा रोज खाल्ल्या तर वजन वाढेल का?

मूठ-दोन मुठींनी काही होत नाही. बिनधास्त खा.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात मंडईतून दोन किलो ओल्या शेंगा आणल्या. तीन पाण्यांनी माती काढली, मीठ-हळद घालून कुकरला चार शिट्ट्या दिल्या आणि तासभर त्याच पाण्यात मुरू दिल्या. लगेच उपसल्या तर दाणा सपक लागतो. मग वरून मिरची-लसणाचा ठेचा आणि लिंबू. ठेचा सालीवरच राहतो, पण सोलताना बोटांना लागतो आणि बोटांवरून दाण्याला. सासूबाई परातीशी बसल्या होत्या. शेंग दाबली की खारट पाणी मनगटापर्यंत ओघळायचं, ते पदराला पुसत एकेक दाणा खात होत्या. तेवढ्यात थोरले दीर आले आणि त्यांच्यापुढची वाटी उचलून म्हणाले, "आईला शुगर आहे, दाण्यात नुसतं कोलेस्टेरॉल!" सासूबाई काही न बोलता हात धुवायला उठल्या. ते मला अजून खुपतं.

भाऊजी, कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं, शेंगदाण्यात ते नसतंच. तेल असतं, पण त्यातलं बरंचसं हृदयाला चालणारं. साखरेचं म्हणाल तर दाण्यात पिष्ट कमी, प्रथिनं आणि चोथा भरपूर, त्यामुळे रक्तातली साखर एकदम चढत नाही. 100 ग्रॅम कोरड्या दाण्यांत साधारण 567 कॅलरी आणि 26 ग्रॅम प्रथिनं. तेवढ्याच वजनाच्या उकडलेल्या दाण्यांत 318 आणि साडेतेरा. उकडताना पाणी शिरतं म्हणून हा फरक. पण खाताना तो कामी येतो, कारण पोट लवकर भरतं. शिवाय एकेक शेंग सोलायची म्हणजे हात आपोआप सावकाश चालतो. त्याच संध्याकाळी भाऊजींनी चहाबरोबर वाटीभर तळलेली शेव खाल्ली, तिला कुणी नावं ठेवली नाहीत.

हां, मीठ मात्र सांभाळा. उकडायच्या पाण्यात ते सढळ पडतं आणि दाण्यात मुरतं. ब्लडप्रेशर असेल तर निम्मंच घाला, चव ठेच्यावर आणि लिंबावर भागवा. काळपट, बुरशीचा वास येणारा, कडू दाणा थुंकून टाका; त्या बुरशीचं विष उकडून पूर्ण जात नाही. ज्यांना दाण्याची ॲलर्जी आहे त्यांनी शिवूही नये. आणि उकडलेल्या शेंगा रात्रभर ओट्यावर ठेवू नका, आंबतात.

सासूबाईंना यंदाही देणार आहे, कमी मिठाच्या, वाटी त्यांच्या हातात.