नवीन डिझायनरला जरा सांगतो
अरे, सॉफ्टवेअर येईल हळूहळू, आधी कन्नड वाचायला शीक. बेळगावात दुकानाचा बोर्ड म्हटला की ६० टक्के कन्नड पाहिजेच, २०२४ पासून कायदाच आहे तसा, मग मराठी नाव उरलेल्या जागेत बसवायचं हीच खरी कसरत. आणि प्रेसला फाइल देताना टेक्स्ट कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार बनवूनच दे बाबा, मग प्रेसकडे तो फॉन्ट नसला तरी चालतं, मी एकदा विसरलो तर ५०० पत्रिकांवर कन्नड जोडाक्षरं फुटून नुसते चौकोन, पैसे माझ्याच खिशातनं गेले की. ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर सोडायचं जादा डिझाइन, ३ एमएम, कलर सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे, बस्स. काही सुचत नसेल तर पिंटरेस्ट बंद कर आणि किल्ल्यातल्या कमल बस्तीत, त्या जुन्या जैन मंदिरात जा, छताला दगडात कोरलेलं कमळ आहे, त्याच्याखाली मान वर करून बस जरा, एका साडीवाल्याचा लोगो मला तिथंच सुचला.