गावाला नको, पण आशाताईला सांगा

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं पहिल्या तीन महिन्यांबद्दल आहेत. त्यातली काही, थोडी आवरून, इथे घेतली आहेत.

प्रश्न : पाळी चुकून तीन आठवडे झाले. घरीच किटवर पाहिलं, दोन रेघा आल्या. सासूबाई म्हणतात, तीन महिने भरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, नजर लागते. आशाताई मात्र नाव नोंदव म्हणून दोनदा येऊन गेल्या. कोणाचं ऐकू?
*— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा*

दोघींचंही ऐकता येतं. गावाला सांगू नका, आशाताईला आजच सांगा. शेजारपाजारच्या बायांना कळवणं वेगळं आणि दवाखान्याच्या रजिस्टरात नाव जाणं वेगळं.

आधी दिवस मोजा. शेवटची पाळी ज्या दिवशी आली तिथून आठवडे धरतात, दिवस गेले त्या दिवसापासून नाही. म्हणजे पाळी चुकून तीन आठवडे झाले तर तुमचे सात आठवडे भरले. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो ती नळी सहाव्या आठवड्यातच बंद होते. म्हणूनच फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस जायच्या आधी महिनाभर सुरू असावी असं सांगतात. तुमचं ते राहून गेलं असेल तर मनाला लावून घेऊ नका. आजपासून ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज एक घ्या, बारा आठवडे पुरे होईपर्यंत. लोहाची लाल गोळी त्यानंतर, चौथ्या महिन्यापासून सुरू होते. दोन्ही एकच समजून बऱ्याच जणी पहिल्या महिन्यातच लाल गोळी घेतात, मळमळ वाढते, आणि मग सगळ्याच गोळ्या कोनाड्यात जाऊन पडतात.

बारा आठवड्यांच्या आत पहिली तपासणी व्हायला हवी. त्यात वजन, बीपी, लघवीतली साखर आणि प्रथिनं, हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्तातली साखर, एवढं असतं. विदर्भात सिकलसेल या आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची तपासणीही आवर्जून करायची, त्यावर पुढे सविस्तर आहे. धनुर्वाताचं पहिलं इंजेक्शन याच वेळी, दुसरं चार आठवड्यांनी. माता-बाल संरक्षण कार्ड मिळालं की त्यावर शेवटच्या पाळीची तारीख बरोबर लिहिली आहे ना, ते स्वतः वाचून बघा. ही तारीख अंदाजे टाकली की पुढचे सगळे हिशेब चुकतात. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पहिला हप्ता नोंदणी आणि तपासणीवर अवलंबून असतो, आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. खातं तुमच्या नावाचं हवं, नवऱ्याच्या नाही.

प्रश्न : दोन महिने झाले. सकाळपासून उमासे येतात, पोटात काही ठरत नाही. सोयाबीनचं निंदण सुरू आहे, घरी बसलं की रोजी बुडते. काय करू?
*— एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ*

मळमळ साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, आठ ते दहा आठवड्यांत सगळ्यात जोरात असते आणि बहुतेकींची चौथ्या महिन्यापर्यंत ओसरते. उलटीच्या भीतीने पोट रिकामं ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. रिकाम्या पोटी ती वाढतेच.

रात्री झोपताना उशाशी झाकणाचा लहान डबा ठेवा, त्यात मूठभर फुटाणे किंवा मुरमुरे. डोळा उघडला की अंथरुणातच सावकाश चावून खा, पंधरा-वीस मिनिटं तशाच पडून राहा, मग उठा. चहा त्यानंतर. दिवसभरात दोन जेवणांऐवजी दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खा : अर्धी भाकर, घट्ट वरण-भात, केळी, शेंगदाण्याचा लाडू, ताकातली आंबील. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून भाकर थंड करून खाल्लेली बरी. फोडणीच्या वासाने ढवळतं, तेव्हा कांदा-लसणाची फोडणी तेवढी घरातल्या दुसऱ्या कोणी द्यावी. नवऱ्यालाही येते ती. पाणी जेवताना गटागट नको, दोन खाण्यांच्या मध्ये घोट घोट. आल्याची नखाएवढी चकती मिठासोबत दिवसातून दोन-तीनदा चघळली तर बऱ्याच जणींना आराम पडतो. उलटीनंतर लगेच दात घासू नका. आधी नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने.

वावरात जायचंच असेल तर उन्हं चढायच्या आत काम उरका. सोबत दोन लिटर पाणी, त्यात लिंबू, मीठ, साखर. लघवीला आडोसा नाही म्हणून बाया पाणीच पीत नाहीत, हे सगळ्या वावरांत चालतं. त्याने लघवीत जळजळ सुरू होते, आणि गरोदरपणात लघवीचा संसर्ग पुढे मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. सोबतीणीला घेऊन तुरीच्या ओळींमागे जा, पण पाणी तोडू नका. फवारणी झालेल्या वावरात त्या दिवशी पाय टाकू नका. पंपात पाणी भरणं, औषध कालवणं, फवारणीचे कपडे धुणं, यातलं काहीही तुमच्याकडे नको. ही कीटकनाशकं कातडीतूनही शरीरात जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली, ते घरोघर ठाऊक आहे. कपडे फवारणाऱ्यानेच वेगळ्या बादलीत धुवायचे.

एवढं करूनही थांबत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा. डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिन यांची एकत्र गोळी यासाठीच असते आणि गरोदरपणात ती चालते. तिने झोप येते, म्हणून डॉक्टर ती सहसा रात्री सुरू करतात. मेडिकलवाल्याने दिलेली कोणतीही ‘उलटीची गोळी’ मात्र घेऊ नका. चोवीस तास पाणीसुद्धा ठरलं नाही, लघवी आठ-आठ तास झाली नाही किंवा गर्द पिवळी झाली, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सलाईनची गरज आहे. तिथे घरचे उपाय थांबवायचे.

प्रश्न : मी आशा आहे. गावात सध्या सात जणी गरोदर आहेत, तिघी सुरुवातीच्या दिवसांत. अंगणवाडीत महिन्यातून एकदा त्यांना एकत्र बसवते. पण नव्या येत नाहीत, आणि आलेल्या एकमेकींशी तुलना करून घाबरतात. गेल्या महिन्यात एकीचा गर्भ पडला, तेव्हापासून ती दिसलीच नाही.
*— ता. धारणी, जि. अमरावती*

ताई, बैठक बंद करू नका. झारखंड आणि ओडिशात एकजूट संस्थेने बायांच्या अशाच मासिक गटांचा अभ्यास केला होता. त्याचा निकाल २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला : गट असलेल्या भागात तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी होते. तिथे भाषण नव्हतं. चित्रं, गोष्टी, खेळ होते, आणि कोणती अडचण आधी घ्यायची ते बायाच ठरवत.

नव्या का येत नाहीत ते उघड आहे. ‘गरोदर मातांच्या बैठकीला’ गेलं की गावाला कळलंच. बैठकीचं नावच बदला, ‘पोषणाची बैठक’ म्हणा. नव्या लग्नाच्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायाही बोलवा. मग कोण कशासाठी आली ते ओळखू येत नाही.

वजन आणि हिमोग्लोबिनचे आकडे मोठ्याने वाचू नका. सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो. एकीचं ११.५, दुसरीचं ८.२, आणि घरी जाईपर्यंत दुसरी ‘कमजोर’ म्हणून गावभर झालेली असते. कार्ड एकेकीचं, बाजूला घेऊन भरा. पोटाच्या आकाराची तुलना निघाली तर सरळ सांगा की बारा आठवड्यांपर्यंत गर्भाशय कमरेच्या हाडांच्या आतच असतं. बाहेरून दिसतं ते वात किंवा जेवण. बसायची वेळ अर्धा-पाऊण तास पुरे, आणि एका बैठकीत विषय एकच.

बैठकीहून जास्त उपयोग जोडीचा होतो. चौथ्या-पाचव्या महिन्यातली एक आणि नवी एक, घरं दोन-तीन दारांच्या अंतरात. तपासणीला दोघी सोबत जातात, रात्री जेवणानंतर गोळी घेतली का ते एकमेकींना विचारतात, कॅलेंडरवर टिंब काढतात. पाण्याने भरलेला गुंड उचलायचा झाला तर दोघी मिळून.

आता जिचं पडलं तिच्याबद्दल. बैठकीत तिचा विषय काढू नका. तिच्या घरी एकट्या जा, पण जाच. रक्त अजून सुरू आहे का, ताप आहे का, जाणाऱ्या रक्ताला घाण वास येतो का, हे तीन प्रश्न आधी विचारा. यातलं एकही असेल तर दवाखाना. मग सांगा की कळून आलेल्या शंभर गरोदरपणांत साधारण दहा ते वीस असे सुरुवातीलाच पडतात. त्यातल्या निम्म्याच्या आसपास बाळ घडतानाच गुणसूत्रांच्या जुळणीत चूक झालेली असते. तिने हंडा उचलला म्हणून नाही, ग्रहणात बाहेर गेली म्हणून नाही. हे सासूच्या समोर सांगा, कारण बोल तिथूनच येतो. गटात परत यायचं की नाही ते तिच्यावर सोडा, पण यादीतून नाव काढू नका. उरलेल्या बाया तिच्याजवळ बसायला कचरत असतील तर आधी तुम्ही तिच्या शेजारी बसा. गर्भ पडणं संसर्गाने एकीकडून दुसरीकडे जात नाही, हे बोलून दाखवण्यापेक्षा तसं बसलेलं जास्त कळतं. पुढच्या वेळेसाठी रक्त भरून काढा आणि फॉलिक महिनाभर आधी सुरू करा. लागोपाठ दोन-तीनदा झालं तर मात्र तज्ज्ञांची तपासणी हवीच.

प्रश्न : बायकोला अडीच महिने झाले. सिकलसेलची ‘सोल्युबिलिटी’ पॉझिटिव्ह आली. गावातले म्हणतात, बाळ आजारीच होणार. खरं का?
*— एक वाचक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली*

नाही दादा, अजून तसं काहीच ठरलेलं नाही. सोल्युबिलिटी एवढंच सांगते की रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. ती वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतून कळतं. रिपोर्टवर ‘एएस’ लिहिलं तर वाहक, ‘एसएस’ लिहिलं तर रुग्ण. वाहक बाईला सहसा काहीच त्रास नसतो आणि लोहाची गोळी ती इतरांसारखीच घेते.

याच आठवड्यात स्वतःचं रक्त द्या, आणि तुमचीही एचपीएलसीच करायला सांगा. नुसती सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली म्हणून मोकळे होऊ नका. तुम्ही थॅलेसेमिया या रक्ताच्याच दुसऱ्या आजाराचे वाहक असाल तर ते सोल्युबिलिटीत दिसत नाही, आणि सिकल आणि थॅलेसेमिया एकत्र आले तरी बाळाला आजार होतो. ती एएस आणि तुम्ही पूर्ण निरोगी, तर बाळ फार तर वाहक होईल. दोघंही एएस असाल तर दर खेपेला चारात एक शक्यता रुग्ण बाळाची, दोन वाहकाच्या, एक निरोगी बाळाची. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली’ असा याचा हिशेब नसतो. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या नव्याने पडतात.

दोघं वाहक निघालात तर बाळाची तपासणी पोटातच करता येते : साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल काढून. अडीच महिने म्हणजे दहा-अकरा आठवडे झालेच. पोळा, रोवणी, लग्न, काहीही असलं तरी हे पुढे ढकलू नका. मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून आजच मागा. आणि ती एसएस निघाली व आधीपासून हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध घेत असेल तर डॉक्टरांना ताबडतोब सांगा. गरोदरपणात ते सहसा थांबवतात.

प्रश्न : आमच्या वेळी असं काही नव्हतं. सून लाल गोळ्या घेणार म्हणते, बाळ काळं होतं ना? पपई, आणि कमी खाल्लं तर बाळंतपण सोपं, हे खरं का?
*— एक सासू, ता. लाखांदूर, जि. भंडारा*

काकू, लाल गोळीने बाळ नाही, संडास काळी होते. तिने ती चहासोबत घेऊ नये, लिंबाच्या किंवा आवळ्याच्या फोडीसोबत घ्यावी, आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास दूर. कच्ची पपई टाळा, पिकलेली चालते. कमी खाल्लं की बाळंतपण सोपं होत नाही, बाळ कमी वजनाचं होतं आणि आईचं रक्त उतरतं. सून लपून चुलीची माती किंवा कच्चे तांदूळ खाताना दिसली तर रागावू नका. हे बहुतेक वेळा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं. हिमोग्लोबिन बघा.

प्रश्न : नववा आठवडा. कपड्याला थोडा डाग लागतो. थांबून बघू का?
*— एक वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर*

थोडा तपकिरी डाग पुष्कळ जणींना लागतो आणि बाळ सुखरूप असतं. तरी दोन दिवसांत सोनोग्राफी करून घ्या, रक्तगट सोबत न्या. गट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का ते विचारा, कारण ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. तासाभरात पॅड भिजत असेल तर १०८ ला फोन. आणि रक्त थोडंच असलं तरी ओटीपोटात एका बाजूला कळ, चक्कर, खांद्याच्या टोकाशी दुखणं यातलं काही असेल, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. नळी फुटली तर रक्त पोटाच्या आत साचतं, कपड्यावर दिसत नाही. रात्र असली तरी निघा.

प्रश्न : खर्रा सोडवत नाही. दिवसाला दोन पुड्या. उमासे येतात तेव्हा नस घासली की बरं वाटतं.
*— नाव-गाव देऊ नये*

बरं वाटतं ते निकोटिनमुळे, आणि तेच निकोटिन बाळाकडचा रक्तपुरवठा आखडतं. तंबाखूने गर्भ पडण्याचा, कमी दिवसांचं आणि कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका वाढतो. खर्रा, नस, गुडाखू, तिन्हींत तंबाखूच. थांबायची तारीख येत्या चार दिवसांतली ठरवा. त्या दिवशी घरातली पुडी आणि डबी बाहेर, नवऱ्याचीही. तलफ जोरात येते पण पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढा वेळ तोंडात बडीशेप, ओवा किंवा आवळकाठी ठेवा. सुपारीने जागा भरू नका, तीही नकोच. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होते, झोप उडते, डोकं दुखतं. एखाद्या दिवशी चुकून खाल्लं तर दुसऱ्या सकाळी पुन्हा सुरू करा, नवी तारीख शोधत बसू नका.