हिवाळ्यात कॉल आणि डिकॉय वापरून कायोटीची शिकार कशी शिकावी?

अमेरिकेतल्या तुमच्या राज्याचे नियम पाहा, शेतमालकाची परवानगी घ्या आणि मग आधी वारा शिका. कायोटी (उत्तर अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी) सहसा आवाजाकडे सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याखाली, म्हणजे वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला जातो आणि वास घेतो. म्हणून वारा आडवा घ्या, वाऱ्याखालची बाजू मोकळी दिसेल असं बसा. डिकॉय, म्हणजे भक्ष्यासारखं दिसणारं खोटं आमिष, वारा येतो त्या अंगाला, तीसेक पावलांवर ठेवा. काठीला बांधलेलं, हलणारं पीसही चालतं, कायोटीची नजर तिथेच खिळते.

कॉल म्हणजे प्राण्याच्या आवाजाची नक्कल. जखमी सशाचा आवाज अगदी हळू सुरू करा, कारण कायोटी शेजारच्या झुडपातही असू शकतो. जानेवारी-फेब्रुवारीत जोड्या जमतात, तेव्हा त्यांच्या कोल्हेकुईचा कॉल जास्त चालतो. वीस मिनिटं हलू नका. आणि समोर दिसतोय तो कुत्रा नाही ना, मागे गुरं-घरं नाहीत ना, याची पक्की खात्री झाल्याशिवाय गोळी झाडूच नका. भारतात कोल्ह्यावर हे करू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे.