रीळ, रील आणि ‘तेरा रिळांचा बोलपट’

प्रश्न असा आला आहे: एका जुन्या मासिकात ‘तेरा रिळांचा बोलपट’ असं वाचलं. इथे ‘रीळ’ म्हणजे नेमकं किती? आणि मोबाइलवरच्या ‘रील’लाही रीळच म्हणावं का?

आधी ‘किती’ ते बघू. सिनेमाच्या धंद्यात रीळ हे माप होतं. एक रीळ म्हणजे साधारण 1000 फूट फिल्म. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 16 चित्रं बसतात. मूकपटाच्या काळात सेकंदाला सुमारे 16 चित्रं हा वेग धरत, म्हणजे सेकंदाला एक फूट, आणि रीळ सोळा-सतरा मिनिटांत संपे. मात्र कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचं, त्यामुळे वेग कमीजास्त व्हायचाच. बोलपट आल्यावर आवाजासाठी वेग पक्का करावा लागला, सेकंदाला 24 चित्रं. तेच रीळ आता अकरा मिनिटांत संपू लागलं. प्रत्येक रीळ काठोकाठ भरलेलं नसे, हे लक्षात घेतलं तर तेरा रिळांचा बोलपट सव्वादोन तासांच्या आसपासचा.

हे माप सुरुवातीपासून नव्हतं. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली, ती प्रत्येकी जेमतेम मिनिटभराची होती. तेव्हाच्या फिल्मच लहान असत. लांब फिल्म यंत्रात घातली की अडचण यायची. भिंगामागे फिल्म थांबत-थांबत सरकते, पण वरचं जड रीळ सलग फिरत असतं. या ओढाताणीत फिल्म तुटायची. अमेरिकेत 1895 च्या सुमारास यावर अगदी साधा उपाय निघाला: भिंगाच्या वर आणि खाली फिल्मचा थोडा सैल वळसा सोडायचा. झटका तो वळसा झेलतो आणि रिळावर ताण येत नाही. लॅथम कुटुंबाच्या नावावरून त्याला ‘लॅथम लूप’ म्हणतात. मला विचाराल तर लांब चित्रपटाचं श्रेय जितकं कथा रचणाऱ्यांचं, तितकंच या बोटभर वळशाचं.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा मूकपट ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागला. लांबी सुमारे 3700 फूट, म्हणजे चारेक रिळं. सुरतेत सहा-सहा तासांची नाटकं बघणाऱ्यांना हा खेळ तोकडा वाटू नये म्हणून जाहिरात केली गेली ती अशी: 57,000 छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, दर फक्त तीन आणे! हिशेब करून बघा. 57,000 ला 16 ने भागलं की साडेतीन हजार फुटांच्या वर आकडा येतो, म्हणजे छायाचित्रांची संख्या बरोबर होती. दोन मैल मात्र होतात साडेदहा हजार फूट! लांबी बिनधास्त तिप्पट सांगितली होती.

त्यातला एकेक फूट कसा तयार झाला, हेही सांगायला हवं. फाळक्यांकडे कोरी फिल्म यायची ती कडेला भोकं न पाडलेली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून ती भोकं पाडत. एका चित्राला एका कडेला चार, म्हणजे फुटाला दोन्ही कडांची मिळून 128. नुसत्या 3700 फुटांचीच मोजली तरी पावणेपाच लाख भोकं होतात, आणि वाया गेलेली फिल्म त्यात धरलेलीच नाही. चित्रपटाच्या इतिहासात या बाईंचं नाव तळटीपेत राहतं, याचं मला फार वाईट वाटतं.

या सगळ्याच्या खुणा आपल्या बोलण्यात उरल्या आहेत. कालावधी सांगतानाही आपण सहज ‘चित्रपटाची लांबी’ म्हणतो. प्रदर्शित न झालेला चित्रपट ‘डब्यात पडून’ असतो, तो डबा रिळांचाच.

आता दुसरा प्रश्न. दोऱ्याचं रीळ आणि सिनेमाचं रीळ हा मराठीत पूर्ण मुरलेला शब्द आहे. तो नपुंसकलिंगी, त्याचं अनेकवचन रिळं, आणि विभक्ती लागली की ‘बीळ-बिळात’प्रमाणे पहिलं अक्षर ऱ्हस्व होतं: रिळात, रिळाचा. ‘रीळाचा’ असं लिहू नये. मोबाइलवरची ‘रील’ मात्र अलीकडे वेगळ्या वाटेने आली. बहुतेक जण ‘ती रील’ म्हणतात, ‘रीलमध्ये’ लिहितात आणि अनेकवचन ‘रील्स’ करतात. मूळ इंग्रजी शब्द एकच असला तरी मराठीत हे आता दोन शब्द झालेत, आणि ते दोनच राहू द्यावेत असं माझं मत आहे. ‘तिने रीळ टाकलं’ असं कुणी म्हटलं, तर ऐकणारा आधी शिवणयंत्राकडे बघेल.