सरांच्या तासाला तुम्ही उभ्या राहता तेव्हा

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. ज्यांनी लहानपणी तुम्हाला गणित शिकवले आणि मंडळीच्या (आपल्या चर्चच्या) रविवारच्या शाळेत बायबलमधली वचने पाठ करून घेतली, ते सर आज तुमचे सहशिक्षक आहेत. गेले वर्षभर ते सकाळच्या तासाला तोंडात लवंग धरून येतात, तरी दारूचा वास लपत नाही. आणि ज्या दिवशी त्यांना धड उभे राहवत नाही, त्या दिवशी ‘सरांना ताप आहे’ असे सांगून त्यांचा वर्ग तुम्ही घेता. मुख्याध्यापिकांना सांगावे तर कृतघ्नपणा वाटतो, न सांगावे तर झोप लागत नाही, आणि ‘प्रीती पापांची रास झाकते’ या प्रभूचा शिष्य पेत्र याच्या वचनाचा आधार घेऊन तुम्ही गप्प राहता, असे तुम्ही लिहिले आहे.

आधी उत्तर सांगते, कारणे मागाहून. तापाचे कारण पुढे करणे आजपासून बंद करा.

पेत्राचे ते वचन त्याच्या पहिल्या पत्राच्या ४ थ्या अध्यायातले ८ वे आहे. त्याच्या लगेच आधीचे ७ वे वचन प्रार्थनेसाठी सावध राहायला सांगते, आणि तिथल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा पहिला अर्थ ‘नशेत नसणे’ असाच आहे. म्हणजे तिथले झाकणे हे शुद्धीवरच्या माणसांनी एकमेकांना केलेल्या क्षमेचे आहे, रोज चालू असलेल्या गोष्टीवर पांघरूण घालण्याचे नव्हे. नोहा द्राक्षारसाच्या नशेत उघडा पडला तेव्हा त्याचे मुलगे शेम आणि याफेथ यांनी पाठमोरे चालत जाऊन त्याच्या अंगावर वस्त्र घातले, ही गोष्ट कदाचित सरांनीच तुम्हाला सांगितली असेल. त्या दोघांनी बापाची लाज झाकली, पण बाप शुद्धीवर आहे असे कुणाला सांगितले नाही.

ख्रिस्ती माणसाने दारूला स्पर्श करावा की नाही, यावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा केलेला द्राक्षारस एका बाजूला, तर मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७४३ मध्ये आपल्या अनुयायांना घालून दिलेले, कडक दारूला मनाई करणारे नियम दुसऱ्या बाजूला. तो वाद इथे सोडवण्याची गरज नाही. तुमच्या प्रश्नाला नेमके लागू पडते ते जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या १० व्या अध्यायातले वचन. याजक अहरोन आणि त्याच्या मुलांनी दर्शनमंडपात, म्हणजे उपासनेच्या तंबूत, जाताना द्राक्षारस किंवा मद्य पिऊ नये, अशी तिथे आज्ञा आहे, आणि ११ व्या वचनात तिचे एक कारणही दिले आहे: त्यांना लोकांना शिकवायचे आहे. शिकवणाऱ्याने कामावर शुद्धीत असावे ही अपेक्षा मुख्याध्यापिकांच्या परिपत्रकाहून बरीच जुनी आहे.

‘सर फक्त रात्री घेतात’ असे तुम्ही म्हणता. रक्तातली दारू उतरवण्याचे काम मुख्यतः यकृत करते आणि ते आपल्याच गतीने करते. लवंगेने वास दबतो, कॉफीने झोप उडते, गार पाण्याने तरतरी वाटते, पण यांपैकी कशानेही ती गती वाढत नाही. रात्री उशिरापर्यंत भरपूर प्यालेल्या माणसाच्या अंगात सकाळच्या पहिल्या तासालाही दारू उरलेली असू शकते.

आता काय करायचे ते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात प्रभूने सांगितल्याप्रमाणे प्रथम एकट्या सरांकडे जा, पण शिक्षकांच्या खोलीत नव्हे, त्यांच्या घरी आणि ते पूर्ण शुद्धीत असतील अशा वेळी. ‘लोक म्हणतात’ असे न म्हणता, कोणत्या तारखेला काय घडले ते तुम्ही स्वतः पाहिले तसे सांगा. त्याच भेटीत हेही सांगा की मुख्याध्यापिकांना तुम्ही या आठवड्यातच कळवणार आहात, आणि ते स्वतः आधी गेले तर तुम्ही सोबत याल. एरवी मी याहून अधिक धीर धरायला सांगितले असते. इथे वर्गात मुले आहेत, म्हणून सांगत नाही. बोलणे होण्याआधीच ते नशेत वर्गात जाऊ लागले, तर मात्र त्याच क्षणी कळवा. मंडळीच्या पाळकांनाही हे समजले पाहिजे, कारण रविवारी सरांपुढे बसतात तीही मुलेच.

एक सावधगिरी मात्र बाळगा. भावनेच्या भरात त्यांच्याकडून ‘उद्यापासून थेंबही नाही’ अशी शपथ घेऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर थरथर, भ्रम, प्रसंगी झटकेही येतात आणि ते जिवावर बेतू शकते, म्हणून आधी डॉक्टर हवेत. त्यानंतर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभेला नेता आले तर न्या. १९३५ साली ती चळवळ सुरू झाली तीच मुळी एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याशी केलेल्या मोकळ्या बोलण्यातून. तुमच्या उपदेशापेक्षा तिथला अनुभव सरांना लवकर पटेल.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरता लिहिलेला प्रसंग माझ्या मनातून जात नाही. सरांच्या थरथरत्या हातातून खडू पडला, पहिल्या बाकावरच्या मुलीने तो उचलला आणि अर्धे राहिलेले उदाहरण काही न बोलता फळ्यावर पुरे केले. वर्गात कुणी हसले नाही. हसले असते तर मला कमी काळजी वाटली असती. त्या मुलीला एकदा बाजूला घेऊन बसा. सर आजारी आहेत, मोठी माणसे त्यांच्याकडे बघत आहेत आणि खडू उचलायची जबाबदारी तिची नाही, एवढे तिला सांगा. पण मुख्याध्यापिकांकडे जाऊन आल्यावर सांगा, म्हणजे ते खरे असेल.

तुमची ताई