मोठ्या फुटबॉल क्लबच्या सामन्याचं तिकीट परवडणाऱ्या किमतीत कसं मिळवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आर्सेनल किंवा लिव्हरपूलचा एक तरी सामना मैदानात बसून बघायचाय, क्लबच्या साइटवर सगळं ‘सोल्ड आउट’ दिसतंय, आणि रीसेलच्या, म्हणजे घेतलेली तिकिटं पुन्हा विकणाऱ्या, साइटवर त्याच खुर्चीचे कितीतरी पट पैसे मागतायत. तुम्ही दोघं जण आहात आणि खिशाला मर्यादा आहे.

आधी त्या रीसेल साइटचा नाद सोडा. इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं हा १९९४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. गाण्याच्या मैफिलीच्या तिकिटाला हे कलम लागू नाही, फुटबॉललाच आहे. कारण दोन्हीकडचे पाठीराखे स्टँडमध्ये एकमेकांत मिसळले की हाणामारीची भीती, म्हणून कोणत्या खुर्चीवर कोण बसलंय यावर क्लबचा ताबा हवा. बऱ्याच रीसेल साइटचा कारभार परदेशातून चालतो, त्यामुळे त्या राजरोस सुरू असतात. पण तिथलं तिकीट बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी मेंबरशिपवरचं असतं. क्लबच्या लक्षात आलं की ते रद्द, आणि तुम्ही गेटच्या बाहेर. पैसे परत मागायला कुणाकडे जाणार?

आता ‘सोल्ड आउट’चं. या क्लबांच्या लीग सामन्यांची तिकिटं सर्वसाधारण विक्रीला जवळजवळ येतच नाहीत. आधी सीझन तिकीटवाले (हंगामभराच्या घरच्या सामन्यांचं तिकीट एकदम घेतलेले), मग मेंबर, तिथेच संपतात. म्हणजे तुमचा खरा दरवाजा मेंबरशिपचा. एका वर्षाची साधी मेंबरशिप रीसेलच्या एका तिकिटापुढे काहीच नाही आणि ती कुठूनही ऑनलाइन घेता येते. फक्त दोघं जाणार तर दोघांच्या नावाने वेगवेगळी घ्या, आणि हंगाम सुरू होण्याआधीच घ्या. तिकिटांच्या सोडतीच्या तारखा लवकर येतात आणि नंतर आलेल्याला कुणी विचारत नाही. लिव्हरपूल, आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड हे सगळे आता मेंबरांसाठी सोडत काढतात. नाव लागलं तर छापील किमतीत तिकीट.

सोडतीत नाव लागलं नाही म्हणून लोक हिरमुसून गप्प बसतात, आणि माझ्या मते खरी संधी तिथून पुढेच असते. प्रीमियर लीगच्या (इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगच्या) हंगामात प्रत्येक संघाचे घरचे, म्हणजे स्वतःच्या मैदानावरचे, १९ सामने. सीझन तिकीटवाल्या माणसाला नोकरी असते, लग्नकार्यं असतात, ताप येतो. तो न येणाऱ्या दिवसाची आपली खुर्ची क्लबच्याच एक्सचेंजवर, म्हणजे अधिकृत फेरविक्रीच्या पानावर, सोडतो आणि मेंबरांना ती अधिकृत किमतीत मिळते. सामना जवळ येतो तशा या खुर्च्या सुटायला लागतात, शेवटच्या दोन-तीन दिवसांत तर अधूनमधून येतच राहतात. तेव्हा पान पुन्हा पुन्हा उघडून बघायचं, दुसरा उपाय नाही. कंटाळवाणं काम आहे. आणि शेजारी-शेजारीच बसायचा हट्ट सोडा! एक्सचेंजवर येतात त्या बहुतेक सुट्या खुर्च्या. नव्वद मिनिटं वेगळं बसलात तर काही बिघडत नाही, मध्यंतराला भेटता येतं.

मग सामना कोणता निवडायचा? इथे स्वतःला एक खरा प्रश्न विचारा: तुम्हाला मैदान आणि तुमचा संघ बघायचाय, की समोर मँचेस्टर सिटीच हवी? बरेच क्लब प्रतिस्पर्धी बघून सामन्यांच्या श्रेणी ठरवतात. नुकत्याच वरच्या लीगमध्ये आलेल्या संघाविरुद्धचा सामना स्वस्तही असतो आणि मिळायलाही सोपा. त्याहून सोपे लीग कपच्या सुरुवातीच्या फेऱ्यांचे आणि जानेवारीतल्या एफए कपच्या तिसऱ्या फेरीचे सामने (हे दोन्ही कप म्हणजे लीगहून वेगळ्या, हरला की बाहेर अशा स्पर्धा). कपचे सामने पुष्कळदा सीझन तिकिटात धरलेले नसतात, त्यामुळे एरवी अडकलेल्या खुर्च्या मोकळ्या होतात, आणि दरही बहुधा उतरवलेले असतात. मोठे खेळाडू विश्रांतीवर असतील हे मात्र गृहीत धरा. मला स्वतःला अशा रात्री आवडतात. क्लबच्या युवा अकादमीतल्या पोराचा पहिला सामना बघायला मिळतो आणि आजूबाजूला एरवी तिकीट न मिळणारीच माणसं असल्यामुळे आवाजही वेगळाच असतो.

पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी प्रीमियर लीगने २०१६-१७ पासून तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली आहे. ऐकायला छान, पण ती तिकिटं वर्षानुवर्षं संघामागे फिरणाऱ्यांना आधी मिळतात. तुमच्या उपयोगाची नाहीत.

आर्सेनलच हवं असेल तर महिला संघाचाही विचार करा. एमिरेट्स स्टेडियम हे आता त्यांचंही मुख्य घर आहे, आणि तिकीट पुरुषांच्या सामन्याच्या मानाने फारच स्वस्त. रिकाम्या स्टँडमध्ये बसावं लागेल असं वाटत असेल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध तिथे ६०,१६० प्रेक्षक होते.

आणि देशाचं बंधन नसेल तर जर्मनी. तिथल्या ५०+१ नियमामुळे क्लबमधली बहुमताची मतं सदस्यांकडे राहतात, आणि सदस्य तिकिटाचे दर भडकू देत नाहीत. उभं राहून बघायचे स्टँड अजून टिकून आहेत आणि तेच सगळ्यांत स्वस्त. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे २५,००० माणसं उभी असतात. तिथे जागा मिळणं कठीण, पण बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या वरच्या लीगमध्ये, बाकीचेही क्लब आहेत. बऱ्याच ठिकाणी सामन्याच्या तिकिटावरच त्या दिवशीची स्थानिक ट्रेन-बस चालते. इटलीत गेलात तर तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि गेटवर ओळखपत्राशी ताडून बघतात, तेव्हा दुसऱ्याच्या नावाचं तिकीट खिशात घेऊन जाऊ नका.

विश्वचषकाबद्दल कुणी विचारेलच म्हणून सांगतो: २०२६ च्या स्पर्धेसाठी फिफाने मागणीनुसार दर बदलायची पद्धत आणली, आणि त्यांच्या अधिकृत रीसेलमध्येही घेणाऱ्याकडून १५ टक्के, विकणाऱ्याकडून १५ टक्के कापून घ्यायचं ठरवलं. स्वस्तातला फुटबॉल शोधणाऱ्याने तिथे न गेलेलं बरं.

आता तारखा. नवशिके इथेच पोळतात. इंग्लंडचं वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होतं, पण टीव्हीसाठी शनिवारचा सामना रविवारी किंवा सोमवारी रात्री सरकतो, आणि हे फार तर काही आठवडे आधी कळतं. संघ गुरुवारी युरोपियन क्लब स्पर्धेतला सामना खेळणार असेल तर त्या आठवड्यातला लीगचा सामना शनिवारी होणार नाही हे धरूनच चाला. संघ एफए कपची उपांत्य फेरी किंवा लीग कपचा अंतिम सामना गाठतो तेव्हा त्या शनिवार-रविवारचा लीग सामना उचलून आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी टाकतात, कधीकधी थेट दुसऱ्या महिन्यात. सामन्याचं तिकीट नव्या तारखेला चालतं, विमानाचं आणि हॉटेलचं चालत नाही. म्हणून फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळातला सामना निवडत असाल तर प्रवासाचं बुकिंग तारीख बदलता येईल असंच करा, थोडे जास्त पैसे गेले तरी.