कोमट इन्सुलिन, सुट्या गोळ्या, जुनी चिठ्ठी

प्रश्न : आईचे इन्सुलिन ऑनलाइन मागवले. म्हापशाला पोचेपर्यंत बर्फाची पिशवी वितळून पाणी झाली होती, पेन कोमट. कंपनी म्हणते, औषध परत घेत नाही.

उत्तर : ते वापरू नका आणि फेकूही नका. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवे. बिघडले की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळेलच असे नाही, आणि पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून गेलेला गुण परत येत नाही. आईचा डोस चुकता कामा नये, म्हणून जवळच्या फार्मसीतून नवे आणा. त्याचे बिल जपून ठेवा, भरपाई मागताना लागेल.

खोका, पिशवी, लेबल यांचे फोटो त्याच दिवशी काढा. फोनवर वाद घालण्यात अर्थ नाही, पलीकडच्या पोराच्या हातात काही नसते. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. ‘परत घेणार नाही’ असे कितीही ठळक छापलेले असो, सदोष माल नाकारता येत नाही. मात्र औषध चांगले असताना केवळ विचार बदलला म्हणून परत देत असाल, तर हे नियम तुमच्या मदतीला येणार नाहीत.

तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करा, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जा. कंपनी परराज्यातली असली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची. माल ५ लाखांपर्यंतचा असेल तर शुल्कही नाही.

प्रश्न : फोंड्यात पट्टीतल्या चारच गोळ्या घेतल्या, तर दर जास्त लावला. बिलही दिले नाही.

उत्तर : दोन्ही चूक. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे सुट्या गोळ्यांचा दर पट्टीच्या हिशेबापेक्षा जास्त लावता येत नाही. बिल मागाच, त्यावर बॅच नंबर असतो. तक्रार बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे.

प्रश्न : माझी मडगावात फार्मसी आहे. चतुर्थीच्या गर्दीत गिऱ्हाइके व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षभरापूर्वीची चिठ्ठी धाडतात आणि ‘नेहमीचेच आहे, पाठवून द्या’ म्हणतात. नाही म्हटले की वाईटपणा.

उत्तर : घ्या वाईटपणा. शेड्यूल एचचे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या यादीतले, औषध पुन्हा द्यावे असे डॉक्टरने लिहिलेले नसेल, तर त्या चिठ्ठीवर ते एकदाच देता येते. दुकानात असलेले औषध नाकारू नये हा नियम खराच, पण तो औषध कायद्याच्या अधीन आहे. शेड्यूल एच-१ म्हणजे त्याहून कडक यादी; तिच्यातल्या औषधांच्या विक्रीची नोंदवही तर तीन वर्षे तुम्हालाच सांभाळायची आहे. आणि चिठ्ठीतले शेड्यूल एचचे औषध संपले म्हणून परस्पर दुसऱ्या कंपनीचे धाडू नका, आतला घटक तोच असला तरी. आधी डॉक्टरकडून चिठ्ठी बदलून आणायला सांगा.